नीतिबुद्धी : उपजत की संस्कारजन्य?

मनुष्याची नीतिबुद्धी उपजत असते, की ती समाजाच्या संस्कारांतून घडते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. गेल्या शंभर वर्षांत मात्र तो केवळ तत्त्वचर्चेचा विषय राहिलेला नाही. मानसशास्त्र, मानवशास्त्र आणि प्राणिवर्तनशास्त्र ह्या तिन्ही शास्त्रांनी त्यासंबंधी निरीक्षणे व प्रयोग केले आहेत. तरीही वाद मिटलेला नाही. पुराव्याची उणीव हे त्याचे कारण म्हणता येत नाही. एका प्रश्नाच्या पोटात अनेक प्रश्न दडलेले आहेत, हे त्याचे खरे कारण होय. ते प्रश्न वेगळे केल्याखेरीज उपलब्ध पुरावा नेमके काय सिद्ध करतो हे कळणे कठीण आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

जॉन लॉक ह्याने १६९० साली मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, नीतीचे कोणतेही तत्त्व मनावर जन्मतः कोरलेले नसते. एका देशात जे घोर पाप गणले जाते ते दुसऱ्या देशात निर्वेधपणे चालते, हा त्याचा मुख्य आधार होता. १७२५ साली फ्रान्सिस हचेसन ह्याने नेमकी उलट बाजू मांडली. डोळ्यास रंग दिसावा तसे सद्गुण व दुर्गुण ओळखणारे एक नैतिक इंद्रिय मनुष्यास लाभलेले आहे, असे त्याचे मत होते. १८७१ साली चार्ल्स डार्विन ह्याने ह्या वादास नवे वळण दिले. समूहाने राहण्याच्या सहजप्रवृत्ती ज्या प्राण्यात बळकट आहेत त्याची बुद्धी पुरेशी विकसित झाली की त्याच्या ठायी नैतिक जाणीव उत्पन्न होईलच, असे त्याने म्हटले. परंतु ती जाणीव आपल्यासारखीच असेल असे नाही, हेही त्याने सांगितले. मनुष्य जर मधमाश्यांच्या परिस्थितीत वाढला असता, तर आपल्या भावांना ठार मारणे हे अविवाहित स्त्रियांस पवित्र कर्तव्य वाटले असते, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात रूथ बेनेडिक्ट ह्यांच्या १९३४ सालच्या लेखनाने संस्कृतिसापेक्षतेचा पक्ष बळकट केला. १९४७ साली अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने मानवी हक्कांच्या नियोजित जाहीरनाम्यासंबंधी जे निवेदन केले, त्यातही हाच सूर होता.

ह्या सर्व विवेचनात तीन भिन्न प्रश्न एकत्र आलेले दिसतात. पहिला प्रश्न क्षमतेचा. कृत्यांकडे ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ ह्या दृष्टीने पाहण्याची शक्ती कोठून येते? दुसरा प्रश्न आशयाचा. अमुक कृत्य योग्य व अमुक अयोग्य, हा तपशील कोठून येतो? तिसरा प्रश्न परीक्षणाचा. अंगवळणी पडलेला नियमच चुकीचा आहे, असे त्याच नियमात वाढलेल्या मनुष्यास कशामुळे वाटू लागते? पहिल्या दोन प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. तिसरा पुष्कळदा बाजूस राहतो. वस्तुतः ज्या समाजाने रूढींविरुद्ध दीर्घ लढा दिला आहे, त्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. नीती आणि रिवाज

बालकांच्या नैतिक विचाराचा शास्त्रीय अभ्यास झाँ पियाजे ह्यांच्या १९३२ सालच्या ग्रंथापासून सुरू झाला असे सामान्यतः मानतात. गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांना खेळाच्या नियमांविषयी विचारून त्यांनी असे दाखविले की, लहान मुलांना नियम वडिलांकडून आलेले व अचल वाटतात. मोठी मुले ते परस्परसंमतीने ठरलेले मानतात. लॉरेन्स कोलबर्ग ह्यांनी शिकागो विद्यापीठास १९५८ साली सादर केलेल्या प्रबंधात ही दिशा पुढे नेली. मरणोन्मुख पत्नीसाठी औषध चोरावे की चोरू नये, अशा पेचांवरील उत्तरांच्या आधारे त्यांनी नैतिक विकासाचे क्रमबद्ध टप्पे कल्पिले. त्यांच्या मते नीती उपजतही नाही आणि बाहेरून ठसविलेलीही नाही. बालक सामाजिक अनुभवावर विचार करीत ती स्वतः रचीत जाते. तथापि १९८५ साली जॉन स्नेअरी ह्यांनी २७ सांस्कृतिक प्रदेशांतील ४५ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वरचे टप्पे ग्रामीण व पारंपरिक समाजांत क्वचितच आढळतात असे दिसले. ते समाज मागे पडले आहेत, की मोजपट्टीच नागर सुशिक्षितांची आहे, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला.

कोलबर्ग ह्यांच्या परंपरेतीलच इलियट ट्युरिएल ह्यांनी निराळा मार्ग धरला. लहान मूल सर्व नियम एकाच मापाने मोजते हे गृहीतच त्यांनी अमान्य केले. ‘बाईंनी परवानगी दिली तर वर्गात ठरलेल्या जागेऐवजी दुसरीकडे बसले तर चालेल का?’ ह्या प्रश्नास तीन-चार वर्षांची मुले बहुधा होकार देतात. ‘बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्या मुलास मारले तर चालेल का?’ असे विचारता तीच मुले नकार देतात. आणि कारण विचारल्यास ‘त्याला लागेल’ असे सांगतात. आज्ञेवर, संमतीवर व स्थळकाळावर अवलंबून नसलेले नियम म्हणजे नीती, आणि त्यांवर अवलंबून असलेले नियम म्हणजे रिवाज, असा भेद ट्युरिएल ह्यांनी केला. १९८३ साली त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लॅरी नुची व ट्युरिएल ह्यांनी पुढे १९९३ साली आमिश-मेनोनाइट व सनातनी ज्यू मुलांच्या मुलाखतींचे निष्कर्ष मांडले. देवाने अमुक दिवशी काम करू नये असा नियम केला नसता तर काम केल्यास हरकत नव्हती, असे आमिश-मेनोनाइट मुले म्हणत. परंतु देवाने सांगितले तरी चोरी योग्य ठरणार नाही, असे बहुसंख्यांचे मत पडले. इतक्या कर्मठ कुटुंबांत वाढलेली मुलेही हा भेद करतात, तेव्हा तो केवळ शिकवणुकीचा परिणाम नसावा, असा ह्यावरून तर्क निघाला.

३. भुवनेश्वर येथील संशोधन

ह्या तर्कास सर्वांत गंभीर आव्हान ओडिशातून मिळाले. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र व जोन मिलर ह्या तिघांनी भुवनेश्वरच्या लिंगराज मंदिराभोवतालच्या जुन्या वस्तीत ब्राह्मण व तथाकथित अस्पृश्य जातींतील प्रौढांना व मुलांना, त्याचप्रमाणे शिकागोच्या हाइड पार्क भागातील अमेरिकनांना ३९ प्रसंग सांगून त्यांचे अभिप्राय घेतले. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले. प्रसंग मुद्दाम साधे निवडलेले होते. रस्त्यात निजलेल्या कुत्र्यास विनाकारण लाथ मारणे. मुलास बक्षीस देण्याचे वचन देऊन ते मोडणे. पित्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ पुत्राने केस कापून घेणे व कोंबडी खाणे. विधवेने आठवड्यातून दोनतीनदा मासे खाणे. परवानगीवाचून सिनेमास गेलेल्या पत्नीस पतीने बेदम मारणे.

पहिल्या दोन प्रसंगांविषयी दोन्ही नगरांत एकमत आढळले. पुढल्या तिहींविषयी मते परस्परविरुद्ध होती. ज्येष्ठ पुत्राचे क्षौर व मांसाशन हे भुवनेश्वरच्या ब्राह्मणांच्या दृष्टीने सर्व ३९ प्रसंगांतील अत्यंत गंभीर अपराधांपैकी एक होते; अमेरिकनांस त्यात काहीच वावगे दिसले नाही. पत्नीस मारण्याचा प्रसंग अमेरिकनांस निंद्य वाटला. ओडिया उत्तरदात्यांपैकी पुष्कळांस तो समर्थनीय वाटला. विशेष लक्षणीय गोष्ट अशी की, आपले हे नियम बहुमताने बदलता येतील काय, असे विचारता ओडिया उत्तरदात्यांनी नकार दिला. ज्यांना अमेरिकन मनुष्य ‘रिवाज’ म्हणेल असे नियम त्यांना नैतिकच वाटत होते. पाच वर्षांची मुलेही पुष्कळ अंशी आपल्या वडीलधाऱ्यांप्रमाणेच उत्तरे देत होती.

ह्यावरून श्वेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की, नीती व रिवाज ह्यांमधील भेद सार्वत्रिक नाही. मूल तो स्वतः शोधून काढीत नाही. दैनंदिन व्यवहारातून घरातील माणसे त्यास जग कसे आहे ते दाखवीत असतात. ह्याचे त्यांनी दिलेले उदाहरण मराठी वाचकास परिचित वाटेल. रजस्वला आई जवळ येणाऱ्या मुलास ‘मला शिवू नकोस’ असे म्हणून दूर सरकते. त्यावर कोणी प्रवचन करीत नाही; परंतु शुद्धाशुद्धतेची कल्पना मुलाच्या मनात रुजते. मराठी घरांतून ‘कावळा शिवला’ एवढेच सांगून हेच कार्य पिढ्यान्‌पिढ्या होत आले.

येथे धर्मशास्त्रातील एका वर्गीकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय इत्यादी सर्व माणसांस समान असलेले धर्म ते साधारण धर्म. आणि वर्ण, आश्रम, देश व कुल ह्यांवर अवलंबून असलेले ते विशेष धर्म व आचार. महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या वर्गीकरणाचे विवेचन आले आहे. ट्युरिएल ह्यांच्या भेदाशी ते वरवर जुळते, परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत ते भिन्न आहे. ट्युरिएल ह्यांच्या मांडणीत जे स्थानिक ते संमतीने बदलता येण्याजोगे असते. धर्मशास्त्राच्या मांडणीत देशाचार व कुलाचार स्थानिक असूनही बंधनकारक असतात. एका कुलाचा आचार दुसऱ्यास लागू नाही, म्हणून तो पहिल्यास ऐच्छिक ठरत नाही. भुवनेश्वरच्या उत्तरदात्यांच्या पुष्कळ उत्तरांत हीच धाटणी दिसते. तेव्हा भेद करण्याची क्षमता तेथे नव्हती असे म्हणण्यापेक्षा, भेदाची रेषा निराळ्या ठिकाणी ओढलेली होती असे म्हणणे अधिक योग्य होईल.

४. आक्षेप आणि त्याची मर्यादा

ट्युरिएल, मेलनी किलन व चार्ल्स हेल्विग ह्यांनी १९८७ सालीच भुवनेश्वरच्या निष्कर्षांस उत्तर दिले. ज्येष्ठ पुत्राने मांस का खाऊ नये, ह्याचे उत्तरदात्यांनी दिलेले कारण असे होते की, त्यामुळे मृत पित्याच्या आत्म्यास सद्गती मिळत नाही. म्हणजे पित्यास इजा करू नये हे तत्त्व दोन्ही नगरांत समानच आहे. मृत्यूनंतर पित्याचे काय होते ह्याविषयीची समजूत तेवढी भिन्न आहे. विधवेच्या आहारासंबंधीही तसेच. मासे उष्ण असून ते कामवासना उद्दीपित करतात व त्यामुळे मृत पतीच्या आत्म्यास क्लेश होतात, अशी समजूत त्या निषेधामागे होती. मूल्ये एकच, वस्तुस्थितीविषयीचे ज्ञान भिन्न, हा विचार कार्ल डुंकर ह्यांनी १९३९ सालीच मांडला होता. सेसिलिया वेनरिब ह्यांच्या १९९१ सालच्या अभ्यासातही असे आढळले की, वस्तुस्थितीविषयी निराळे गृहीत धरावयास सांगितले असता त्याच व्यक्तींचा नैतिक निर्णय पुष्कळदा बदलतो.

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु त्याने सर्व प्रसंग उलगडत नाहीत. पहिली अडचण अशी की, काही निषेधांमागे इजेची समजूतच आढळत नाही. जोनाथन हाइट, सिल्व्हिया कोलर व मारिया डायस ह्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्राझीलमधील रेसिफे व पोर्तो अलेग्रे आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया ह्या नगरांतील लोकांस काही किळसवाणे परंतु कोणासही न दुखविणारे प्रसंग सांगितले होते; उदाहरणार्थ, मोटारीखाली मेलेला आपला कुत्रा एखाद्या कुटुंबाने शिजवून खाणे. कोणाचेही नुकसान झालेले नाही हे मान्य करूनही अनेकांनी ते कृत्य सर्वत्र गैरच असल्याचे सांगितले. ह्या बाबतीत देशभेदापेक्षा आर्थिक व शैक्षणिक स्तराचा भेद अधिक ठळक होता, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘संस्कृती’ म्हणजे राष्ट्र असे सरसकट समीकरण त्यामुळे टिकत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. पत्नीस मारण्याच्या प्रसंगात इजा दोन्ही नगरांतील लोकांस सारखीच दिसत होती. तेथे आत्म्याविषयीची कोणतीही अदृश्य समजूत आड येत नव्हती. वेदना दिसत असूनही ती निषेधास पुरेशी मानली गेली नाही. कारण पतीचा अधिकार त्या वेदनेहून वरचढ मानला गेला. म्हणजे भिन्नता केवळ ‘काय घडते’ ह्याविषयीच्या ज्ञानात नव्हती. ‘कोणाचे दुःख हिशेबात धरावयाचे’ ह्यातही होती. संस्कृतीचा नीतीवरील सर्वांत खोल परिणाम बहुधा येथेच आढळतो.

५. अर्भकांचा पुरावा

उपजतवादाचे अलीकडील बळ मुख्यतः अर्भकांवरील प्रयोगांत आहे. येल विद्यापीठातील काइली हॅम्लिन, कॅरेन विन व पॉल ब्लूम ह्यांनी २००७ साली सहा व दहा महिन्यांच्या अर्भकांस लाकडी आकृत्यांचा एक खेळ दाखविला. एक आकृती टेकडी चढू पाहते. दुसरी तिला वर ढकलते. तिसरी तिला खाली लोटते. नंतर दोन्ही आकृत्या पुढे ठेवल्या असता, दहा महिन्यांच्या १६ अर्भकांपैकी १४ नी व सहा महिन्यांच्या सर्व १२ अर्भकांनी मदत करणारी आकृती निवडली. ह्या प्रयोगास मोठी प्रसिद्धी मिळाली. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संयुक्त अभ्यासात, ३७ प्रयोगशाळांनी मिळून साडेपाच ते साडेदहा महिन्यांच्या ५६७ अर्भकांच्या निवडी अभ्यासल्या असता, मदत करणाऱ्या आकृतीस निवडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४९.३४ भरले; म्हणजे केवळ योगायोगाने येईल तेवढेच. हा खेळ चित्रफितीवर दाखविलेला होता, म्हणून मूळ प्रयोग सर्वस्वी खोटा ठरला असे म्हणता येणार नाही. तथापि जन्मतः सुष्टदुष्ट ओळखण्याचा जो भक्कम आधार त्यात पाहिला गेला, तो आता तेवढा भक्कम राहिलेला नाही.

साहाय्याच्या प्रवृत्तीविषयीचा पुरावा ह्याहून बरा आहे. फेलिक्स वॉर्नेकेन व मायकेल टोमासेलो ह्यांनी २००६ साली दाखविले की, हातातून पडलेली वस्तू उचलू न शकणाऱ्या अनोळखी मनुष्यास अठरा महिन्यांची मुले बक्षिसावाचून ती उचलून देतात. माणसांनी वाढविलेल्या तीन तरुण चिंपांझींनीही काही प्रसंगी तसेच केले. अर्थात अठरा महिन्यांचे मूल संस्कारांपासून अस्पर्शित असते असे नाही.

ह्या पुराव्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. कॅथरिन किन्झलर, इमॅन्युएल डुपू व एलिझाबेथ स्पेल्के ह्यांनी २००७ साली दाखविले की, अर्भके आपल्या घरची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडे परभाषकापेक्षा अधिक पाहतात, आणि किंचित मोठी झाल्यावर तिच्या हातचे खेळणे अधिक पसंत करतात. ‘आपला’ व ‘परका’ हा भेद करुणेइतकाच लवकर उगवतो. तेव्हा जे लवकर उगवते ते सर्व नीतीस अनुकूल असते, असे समजण्याचे कारण नाही.

६. प्रवृत्ती आणि परिस्थिती ह्यांचा मेळ

उपजत प्रवृत्ती व संस्कार हे एकमेकांचे पर्याय नसून एकाच्या घडणीत दुसऱ्याचा भाग कसा असतो, हे वेस्टरमार्क ह्यांच्या सिद्धान्तावरून चांगले कळते. बालपणी एकत्र वाढलेल्या व्यक्तींमध्ये पुढे परस्परांविषयी कामविषयक अनिच्छा निर्माण होते, असे एडवर्ड वेस्टरमार्क ह्यांनी १८९१ साली प्रतिपादिले. तैवानमध्ये लहान मुलीस दत्तक घेऊन तिला भावी पतीबरोबरच वाढविण्याची एक विवाहप्रथा होती. आर्थर वुल्फ ह्यांनी तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. अशा विवाहांत इतर विवाहांपेक्षा अपत्ये कमी व घटस्फोट अधिक आढळले. येथे प्रवृत्ती उपजत असली, तरी ती कोणाविषयी जागृत व्हावयाची हे संगोपन ठरविते. संगोपन वगळले तर प्रवृत्तीस विषयच उरत नाही. प्रवृत्ती वगळली तर संगोपनाचा हा परिणाम अनाकलनीय ठरतो.

न्यायबुद्धीच्या बाबतीतही असेच दिसते. एका व्यक्तीस काही रक्कम द्यावयाची. तिने तिचा वाटा दुसरीस देऊ करावयाचा. दुसरीने नाकारल्यास कोणासच काही मिळावयाचे नाही, असा एक प्रयोग अर्थशास्त्रज्ञ करतात. जोसेफ हेन्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १५ लहान समाजांत करून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेरूमधील माचिग्वेंगा लोकांनी सरासरीने सुमारे शेकडा २६ वाटा देऊ केला. इंडोनेशियातील लामालेरा येथील देवमाशांच्या शिकाऱ्यांनी निम्म्याहून अधिक. माचिग्वेंगांचे जीवन बहुतांशी कुटुंबापुरते मर्यादित असते; लामालेरा येथील शिकार अनेकांच्या सहकार्यावाचून होतच नाही. परक्यांशी वाटणी करण्याची सवय जेथे उपजीविकेतच भिनलेली आहे, तेथे वाटणीची अपेक्षाही निराळी असते.

पीटर ब्लेक आदी संशोधकांनी २०१५ साली सात देशांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतातील मुलेही होती. दुसऱ्यास अधिक व आपणांस कमी मिळाल्यास ती वाटणी नाकारण्याची वृत्ती सातही ठिकाणी वयानुसार प्रकट झाली. आपणांस अधिक व दुसऱ्यास कमी मिळाल्यास तीही वाटणी नाकारण्याची वृत्ती मात्र अमेरिका, कॅनडा व युगांडा ह्या तीनच ठिकाणी, आणि तीही उशिरा, दिसून आली. आपल्यावरील अन्याय ओळखण्यास फारशा शिकवणुकीची गरज लागत नसावी. आपल्या हातून दुसऱ्यावर होणारा अन्याय ओळखणे ही मात्र समाजात वाढताना येणारी, व कित्येकदा न येणारी, गोष्ट आहे.

७. रूढीविरुद्ध उभे राहणारी नीतिबुद्धी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. भुवनेश्वरच्या संशोधनातील विधवेचा प्रसंग महाराष्ट्रास अपरिचित नाही. केशवपन, आहारावरील निर्बंध, मंगल कार्यातून बहिष्कार ह्या रूढी येथील उच्चवर्णीय समाजात एकोणिसाव्या शतकात दृढ होत्या. विधवाविवाहास १८५६ सालच्या कायद्याने मान्यता दिली, तरी समाजाची मान्यता मिळावयाची होती. त्याच समाजात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. गोपाळ गणेश आगरकर ह्यांनी १८८८ साली सुरू झालेल्या ‘सुधारका’तून ह्या रूढींवर कठोर टीका केली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापिले. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल आपल्या गावी मुरूड येथे बहिष्कार सोसला.

नीती केवळ संस्कारांतून येते असे मानले, तर ह्या व्यक्तींचा उलगडा होत नाही. कारण त्यांपैकी बहुतेकांचे बालपण ह्याच रूढींच्या सहवासात गेले. नीती केवळ उपजत असते असे मानले, तर उलट अडचण येते. कारण मग ज्या घरांतील दयाळू व सुशील माणसांनी आपल्या मुलीचे केस उतरविलेले पाहिले, त्यांची उपजत नीतिबुद्धी इतकी शतके कोठे होती हे सांगता येत नाही. आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर वाचले होते, म्हणून हा विचार बाहेरून आला असे म्हणणेही अपुरे आहे; कारण ते ग्रंथ वाचणारे सर्वच सुधारक झाले नाहीत, आणि ताराबाईंच्या युक्तिवादाचा मुख्य आधार घरोघर दिसणारा व्यवहार हाच होता. त्यांच्या ग्रंथाचे नावच त्यांची पद्धती सांगते. पत्नीच्या मृत्यूनंतर पुरुषास जे मोकळे, ते पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीस का नाही, अशी ती तुलना आहे. समान प्रसंगास समान नियम लावण्याची मागणी ही ज्या बुद्धीतून निघते, तीच बुद्धी ‘त्याला लागेल’ असे म्हणणाऱ्या चार वर्षांच्या बालकात प्राथमिक रूपात दिसते. परंतु बालक ती परिचित खेळगड्यापुरती वापरते, आणि ताराबाईंनी ती संपूर्ण व्यवस्थेस लाविली.

ही प्रक्रिया भूतकाळात संपलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ह्या गावाच्या ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. बांगड्या फोडताना त्या स्त्रीस होणारे दुःख गावास त्यापूर्वी दिसत नव्हते असे नाही. ते दिसत होते; प्रथेपुढे त्याची गणना होत नव्हती. ठरावाने ती गणना सुरू केली. भुवनेश्वरच्या संशोधनात जो प्रश्न उत्तरपत्रिकेत उरला होता, ‘कोणाचे दुःख हिशेबात धरावयाचे’, त्याचे उत्तर येथे सभेत बदलले गेले. ज्या नियमांविषयी ‘हे बहुमताने बदलता येतील काय’ असे विचारता नकार मिळत असे, त्याच जातीचे नियम येथे प्रत्यक्ष ठरावाने बदलण्यात आले.

८. समारोप

एकंदर पुराव्यावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. दुसऱ्याच्या दुःखास प्रतिसाद देणे, साहाय्य करणे, आपल्यावरील अन्याय ओळखणे ह्यांची बीजे मानवजातीत व्यापक असून ती फार लवकर प्रकट होतात. मात्र स्वपक्षपाताचे बीजही त्यांबरोबरच प्रकट होते. इजा कशास म्हणावे, आणि कोणास झालेली इजा मोजावी, हे मुख्यतः संस्कृती ठरविते. व ती हे उपदेशापेक्षा रोजच्या वागणुकीतून अधिक शिकविते. आणि ह्या दोहोंवर विचार करण्याची, एका प्रसंगाची दुसऱ्याशी तुलना करून कारण मागण्याची जी शक्ती, तिच्या योगाने मनुष्य पहिल्या बीजांचा उपयोग दुसऱ्या शिकवणुकीच्या परीक्षणासाठी करू शकतो. ही शक्ती सर्वांत असली तरी ती आपोआप कार्य करीत नाही. तिला भाषा, वाचन, वाद आणि सभा ह्यांची जोड लागते.

एक गोष्ट मात्र ह्या संशोधनांतून सिद्ध होत नाही, व तशी अपेक्षाही करू नये. एखादी वृत्ती उपजत आहे म्हणून ती योग्य ठरत नाही. स्वपक्षपात हे त्याचे उदाहरण आहेच. त्याचप्रमाणे एखादा विचार शिकविला गेला आहे म्हणून तो केवळ रिवाज ठरत नाही. संख्येची ढोबळ जाणीव अर्भकास असते, आणि भागाकार शाळेत शिकवावा लागतो. म्हणून भागाकार कमी खरा ठरत नाही. उगमाचा प्रश्न आणि योग्यतेचा प्रश्न हे दोन आहेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा व क्षेत्रीय अभ्यास देऊ शकतील. दुसऱ्याचे उत्तर कारणे देऊन व कारणे मागूनच द्यावे लागते, आणि ज्यांच्यावर नियमाचा भार पडतो त्यांस त्या विचारात बोलण्याचा अधिकार असावा लागतो. भुवनेश्वरच्या प्रसंगातील विधवेस आणि मारल्या गेलेल्या पत्नीस तो किती होता, हे त्या ३९ प्रसंगांच्या उत्तरांवरून कळत नाही. ह्यापुढील संशोधनाने बहुमताबरोबरच त्या मतभेदाचीही नोंद घेतली, तर नीतिबुद्धीच्या घडणीविषयीचे ज्ञान अधिक पूर्ण होईल.